काट्यावरचा आकडा आणि रोजचं जगणं : स्तनाच्या कर्करोगाचे उपचार सुरू होताना

माझ्या थोरल्या बहिणीला स्तनाचा कर्करोग असल्याचं कळलं, तेव्हा घरात प्रत्येकाच्या मनात एकच भीती होती : आता ती खंगत जाणार. म्हणून जो भेटायला येई तो तिला आग्रह करकरून खाऊ घाली. झालं भलतंच. केमो संपली तेव्हा ताईचं वजन चार किलोंनी वाढलं होतं, आणि तरी एक मजला चढताना तिचे पाय थरथरत होते. वजन वाढलंय आणि ताकद मात्र गेलीय, हे एकाच वेळी कसं होतं, ते आम्हाला आधी कुणी सांगितलं नव्हतं. ते आधी कळलं असतं तर पहिले सहा महिने आम्ही वेगळ्या रीतीने काढले असते.

नुकतंच निदान झालेल्या बाईसाठी आणि तिच्याबरोबर दवाखान्याच्या खेपा घालणाऱ्या माणसासाठी हे लिहिते आहे. उपचार ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने सांगते. तुमच्या डॉक्टरांना तुमचे रिपोर्ट माहीत आहेत, मला नाहीत. म्हणून इथलं काही त्यांच्या सांगण्याच्या विरुद्ध वाटलं, तर त्यांचंच ऐका.

सुरुवातीआधी एक गोष्ट मनातून काढून टाका

"माझं वजन जास्त होतं म्हणून हे झालं का?" हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक बाईच्या मनात येतो, आणि बहुतेकजणी तो कुणाला विचारत नाहीत. खरं काय ते सरळ सांगते. पाळी गेल्यानंतरच्या वयात जास्त वजनामुळे स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. पाळी गेली की बीजकोशातून इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन येणं थांबतं, पण शरीरातल्या चरबीत अरोमाटेज नावाचं एक विकर (एन्झाइम) असतं, ते दुसऱ्या हार्मोनचं रूपांतर इस्ट्रोजेनमध्ये करत राहतं. चरबी जास्त, तर हे इस्ट्रोजेनही जास्त. कित्येक गाठींची वाढ याच हार्मोनवर होते.

पण धोका वाढणं वेगळं आणि तुमच्या गाठीचं कारण वेगळं. आयुष्यभर सडपातळ राहिलेल्या, रोज चालणाऱ्या बायकांनाही हा आजार होतो. बाई असणं आणि वय वाढणं हेच यातले सगळ्यात मोठे धोके, आणि दोन्ही कुणाच्या हातात नाहीत. एका बाईच्या बाबतीत बोट ठेवून "यामुळे झालं" असं कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. तेव्हा घरातल्या कुणी तसं म्हटलंच, तर त्याला तिथेच थांबवा. हे काम सोबतच्या माणसाचं आहे, आजारी बाईचं नाही.

पायरी १ : उपचारांच्या आधी एक वही घाला

साधी वही चालेल. पहिल्या पानावर पाच नोंदी करा. सर्जरीच्या किंवा पहिल्या केमोच्या आधी त्या झाल्या पाहिजेत, कारण पुढे "आधी कसं होतं" हे कुणालाच नीट आठवत नाही.

पहिली नोंद उंची आणि वजनाची. वजन सकाळी उठल्यावर, लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, दर वेळी त्याच काट्यावर करा. यातून बीएमआय निघतो : किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. उंची १५५ सेंटिमीटर आणि वजन ६२ किलो असेल, तर ६२ भागिले २.४, म्हणजे जवळपास २५.८. जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वसाधारण तक्त्यात १८.५ ते २४.९ हे योग्य वजन, २५ पासून पुढे जास्त वजन आणि ३० पासून पुढे लठ्ठपणा. आशियाई लोकांमध्ये कमी बीएमआयलाही मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढलेला दिसतो, म्हणून त्यांच्यासाठी २३ आणि २७.५ या आकड्यांपासूनच सावध व्हावं, असं याच संघटनेच्या तज्ज्ञगटाने २००४ मध्ये सुचवलं.

बीएमआयला फार डोक्यावर घेऊ नका. हे गणित केतले नावाच्या बेल्जियन गणितज्ञाने १८३० च्या दशकात मांडलं, ते लोकसमूहाचा अभ्यास करायला. एका बाईच्या अंगात स्नायू किती, चरबी किती आणि पाणी किती, हे त्यातून कळत नाही. आपल्या विषयात नेमकं तेच कळायला हवं असतं.

दुसरी नोंद कंबरेच्या घेराची. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप लावायची, श्वास सोडल्यावर. वजन तेवढंच राहिलं आणि कंबर वाढली, तर समजा स्नायू कमी होऊन चरबी वाढते आहे.

तिसरी, दोन्ही हातांचा घेर. मनगटापासून वर दर १० सेंटिमीटरवर टेप लावून आकडा लिहा. काखेतल्या लसिका ग्रंथी काढल्या किंवा तिथे रेडिएशन दिलं, की त्या बाजूच्या हाताला पुढे कधीही सूज येऊ शकते. तिला लिम्फेडेमा म्हणतात. पुष्कळ ठिकाणी दोन हातांत एखाद्या जागी २ सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त फरक दिसला की तपासणी करतात. पण ज्या हाताने आपण काम करतो तो मुळातच थोडा जाड असतो. सर्जरीआधीचे आकडे नसले, तर फरक आधीचा की नंतरचा यावरच वेळ जातो.

चौथी नोंद ताकदीची. हात नसलेल्या खुर्चीवर बसा, हात छातीवर घडी करून ठेवा आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. सर्जरी नुकतीच झाली असेल किंवा तोल जात असेल, तर हे कुणाच्या तरी देखत करा. केवढी साधी चाचणी, पण आमच्या वहीत सगळ्यात जास्त उपयोग याच आकड्याचा झाला.

पाचवी नोंद जगण्याची. तिच्यावर थोडं थांबून बोलायला हवं.

पायरी २ : जगणंही मोजता येतं

"बरं वाटतंय का?" या प्रश्नाला बायका "हो, ठीक आहे" म्हणतात. डॉक्टर पुढचा पेशंट बोलावतात. त्या "ठीक"मध्ये रात्रीची न लागलेली झोप, बोटांचा बधिरपणा, नवऱ्याशी तुटलेलं बोलणं, सगळं दडून राहतं.

कर्करोगाच्या अभ्यासकांनी यासाठी प्रश्नावल्या तयार केल्या आहेत. युरोपातल्या ईओआरटीसी या संशोधन संस्थेची क्यूएलक्यू-सी३० ही प्रश्नावली १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात ३० प्रश्न आहेत : चालता येतं का, थकवा, वेदना, झोप, भूक, चिंता, लक्ष लागतं का, घरच्यांशी आणि बाहेरच्या जगाशी संबंध, पैशांची ओढाताण. ती मराठीतही आहे. स्तनाच्या कर्करोगासाठी तिच्या जोडीला बीआर२३ ही २३ प्रश्नांची पुरवणी आहे. तिच्यात हाताची सूज, छातीवरच्या त्वचेचा त्रास, अंगातून येणाऱ्या गरम वाफा, स्वतःच्या शरीराकडे बघताना काय वाटतं आणि शरीरसंबंधांविषयीचे प्रश्न आहेत. उत्तरांचं रूपांतर ० ते १०० गुणांत करतात. साधारण १० गुणांचा फरक पडला की तो बाईला स्वतःलाही जाणवतो, असं मानलं जातं.

दवाखान्यात ही प्रश्नावली भरून घेत असतील तर उत्तम. नसतील तर वहीत दर पंधरा दिवसांनी या पाच ओळी भरा, प्रत्येकीपुढे ० ते १० मधला आकडा : थकवा, झोप, दुखणं, मन, आणि "मला जे करावंसं वाटतं ते करता येतंय का". शेवटची ओळ गाळू नका. ताईला पेटी वाजवायला आवडतं. सर्जरीनंतर तिचा भाता मारणारा हात लवकर भरून यायचा. "किती वेळ वाजवता आली" हीच तिची पाचवी ओळ होती, आणि फिजिओथेरपिस्टने तेच उद्दिष्ट धरून व्यायाम आखले.

पायरी ३ : केमो चालू असताना

केमोच्या दर सायकलच्या, म्हणजे फेरीच्या आधी तुमचं वजन करतात, ते उगीच नाही. केमोच्या बऱ्याच औषधांचा डोस उंची आणि वजनावरून काढलेल्या शरीराच्या पृष्ठभागावर ठरतो. काही प्रकारच्या गाठींवर दिल्या जाणाऱ्या ट्रास्टुझुमॅब या औषधाचं सलाईन तर सरळ किलोवर देतात. म्हणून वजन अंदाजे सांगू नका. काट्यावर उभ्या राहा, जड चपला आणि पर्स बाजूला ठेवून. वजन जास्त आहे म्हणून डोस कमी करावा, असं काही डॉक्टरांना पूर्वी वाटे. आताच्या मार्गदर्शक सूचनांनुसार जाड बाईलाही तिच्या खऱ्या वजनाप्रमाणे पूर्ण डोस द्यायचा असतो, कारण कमी डोस म्हणजे कमी उपचार.

आता वजन का वाढतं ते पाहू. उलटी आणि अ‍ॅलर्जी टाळण्यासाठी केमोबरोबर डेक्सामेथासोनसारखी स्टिरॉइड देतात. त्यांनी भूक खवळते, रक्तातली साखर वाढते, झोप उडते आणि अंगात पाणी साठतं. थकव्याने हालचाल मंदावते. पोटात काही असलं की मळमळ दबते, म्हणून सतत काहीतरी तोंडात टाकलं जातं. तोंडाची चव गेलेली असल्याने गोड आणि तळलेलं तेवढं बरं लागतं. त्यातच केमोमुळे तरुण बायकांची पाळी अचानक बंद पडू शकते. एरवी जे बदल काही वर्षांत होतात ते काही महिन्यांत होतात. हे सगळं मिळून दोन-पाच किलो वाढणं मुळीच दुर्मीळ नाही.

तरीही केमोच्या काळात वजन उतरवायला जाऊ नका. मला हे ठासून सांगायचं आहे, कारण वजन वाढलेलं पाहून पुष्कळजणी याच वेळी उपास आणि एकवेळ जेवणं सुरू करतात. पेशी भरून यायला, जखम भरायला, रक्तातल्या पांढऱ्या पेशी पुन्हा तयार व्हायला शरीराला प्रथिनं लागतात. ती जेवणातून मिळाली नाहीत तर शरीर ती स्नायूंतून घेतं. काटा खाली सरकतो खरा, पण गेलेले असतात ते स्नायू. या काळात वजन आहे तिथे टिकलं तरी पुष्कळ झालं.

प्रथिनं किती? कर्करोगाच्या रुग्णांसाठी युरोपातल्या पोषणतज्ज्ञांची शिफारस आहे दर किलो वजनामागे रोज १ ग्रॅमपेक्षा जास्त, आणि जमलं तर १.५ ग्रॅमपर्यंत. ६० किलोच्या बाईला ६० ते ९० ग्रॅम. हे एका जेवणात होत नाही. डाळी, कडधान्यं, दूध-दही, अंडी, मासे, जे चालत असेल ते दर खाण्यात थोडं थोडं हवं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा हिशेब बदलतो, तेव्हा आहारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय वाढवू नका. मळमळ असेल तर थोडं थोडं, दर दोन-तीन तासांनी, कोमट किंवा गार खा. गरम अन्नाचा वास जास्त छळतो. तोंड आलं असेल तर मऊ, बिनतिखट. मळमळीच्या गोळ्या त्रास सुरू झाल्यावर घेण्यापेक्षा सांगितलेल्या वेळीच घ्या. आणि स्टिरॉइडची गोळी सकाळी घेतली तर चालेल का हे डॉक्टरांना विचारा. रात्री उशिरा घेतलेल्या गोळीने झोप जाते, आणि न झोपलेलं शरीर दुसऱ्या दिवशी जास्त खायला मागतं.

सोयाबीनबद्दल नेहमी विचारलं जातं. जेवणातलं सोयाबीन चालतं. सोयाचे अर्क काढून केलेल्या गोळ्या-पावडरी मात्र नकोत.

वजन आठवड्यातून एकदाच करा. रोज केलं तर पाण्याचे चढउतार पाहून जीव घाबरा होतो. एक गोष्ट मात्र ताबडतोब सांगायची : दोन-तीन दिवसांत दोन किलो किंवा जास्त वजन वाढलं, पाय सुजले, पायावर बोट दाबल्यावर खड्डा राहिला किंवा धाप लागली, तर फॉलोअपची वाट पाहू नका. डोसेटॅक्सेल या केमोच्या औषधाने अंगात पाणी साठू शकतं. काही औषधांनी हृदयाच्या पंपिंगवरही परिणाम होतो. अशा वेळी वाढलेलं वजन म्हणजे चरबी नाही.

पायरी ४ : हालचाल, आणि हाताविषयीची भीती

"त्या हाताने काही उचलू नकोस." हे वाक्य बायकांना वर्षानुवर्षं ऐकवलं गेलं. हेतू चांगला होता : काखेतल्या ग्रंथी काढल्यात, जोर पडला तर सूज येईल. परिणाम असा झाला की बायका तो हात जपता जपता खांद्यात आखडून बसल्या, दंड बारीक झाले, आणि सूज यायची ती आलीच.

मग कॅथरिन श्मिट्झ या अमेरिकी संशोधिकेने ही समजूत प्रत्यक्ष तपासली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या चाचणीत हाताला आधीच सूज असलेल्या १४१ बायका होत्या. निम्म्यांना आठवड्यातून दोनदा वजनं उचलायचा व्यायाम दिला, अगदी हलक्यापासून हळूहळू वाढवत, प्रशिक्षकाच्या नजरेखाली आणि हातावर दाबपट्टीची बाही चढवून. त्यांची सूज इतरांपेक्षा वाढली नाही. उलट सूज अचानक बळावण्याचे प्रसंग व्यायाम करणाऱ्यांत कमी आले, आणि ताकद वाढली. पुढच्या वर्षी सूज नसलेल्या पण धोका असलेल्या बायकांवरचे निष्कर्षही आले : वजनं उचलल्याने सूज येण्याचं प्रमाण वाढलं नाही.

याचा अर्थ उद्याच भरलेली बादली उचला असा नाही. हळूहळू वाढवणं हा त्या व्यायामाचा गाभा होता.

सुरुवात अशी करा. सर्जरीनंतर पहिल्या दिवसांत फक्त डॉक्टरांनी किंवा फिजिओथेरपिस्टने दाखवलेल्या हालचाली : मूठ उघडझाप, कोपर वाकवणं, खांदे गोल फिरवणं. ड्रेन, म्हणजे जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी, निघाली आणि परवानगी मिळाली की भिंतीवर बोटं चढवत हात वर नेणं. रोज कुठवर पोचलात तिथे पेन्सिलीने खूण करा. खूण वर सरकताना पाहण्यात फार समाधान असतं.

चालणं पहिल्या आठवड्यापासून. दहा मिनिटं जमत नसतील तर पाच मिनिटं, दिवसातून तीनदा. केमोनंतरचे दोन-चार दिवस सगळ्यात वाईट जातात. त्या दिवसांत फक्त पलंगापासून दारापर्यंत चाललात तरी ते वहीत लिहा. थकवा आलाय म्हणून पडून राहावं असं वाटतं, पण कर्करोगाच्या थकव्याचं गणित वेगळं आहे. नुसत्या विश्रांतीने तो जात नाही, आणि बेताच्या व्यायामाने कमी होतो, हे पुष्कळ चाचण्यांत दिसलं आहे. २०१९ मध्ये अनेक देशांतल्या तज्ज्ञांनी मिळून जी शिफारस केली ती अशी : आठवड्यातून तीनदा ३० मिनिटं, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने चालणं किंवा तसाच दुसरा व्यायाम, आणि आठवड्यातून दोनदा स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम. एवढ्याने थकवा, चिंता, उदासी आणि एकूण जगण्याची प्रत यांत फरक पडतो.

ताकदीच्या व्यायामाला साधनं लागत नाहीत. खुर्चीवरून दहा वेळा उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून ढकलणं, टाचा वर उचलणं, अर्धा लिटर पाण्याची बाटली घेऊन हात वाकवणं. दुसऱ्या दिवशी हात जड वाटला, अंगठी किंवा बांगडी घट्ट झाली तर एक पाऊल मागे या आणि दाखवून घ्या. ताप असेल, रक्तपेशी फार खाली गेल्या असतील, छातीत दुखत असेल किंवा चक्कर येत असेल, तर त्या दिवशी व्यायाम नाही. आजार हाडांत पोचला असेल तर वाकणं, पिळणं, वजन उचलणं हे डॉक्टरांनी हाडांचे फोटो पाहून ठरवल्याशिवाय करू नका.

पायरी ५ : हार्मोनच्या गोळ्यांची वर्षं

केमो आणि रेडिएशन संपलं की भेटायला येणारे येईनासे होतात. "आता झालं ना सगळं!" असं म्हणतात. गाठ हार्मोनवर वाढणारी असेल तर खरा लांबचा पल्ला आता सुरू होतो : पाच वर्षं, कधी दहा वर्षं, रोज एक गोळी.

पाळी चालू असलेल्यांना बहुधा टॅमॉक्सिफेन देतात. पाळी गेलेल्यांना बऱ्याचदा लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल किंवा एक्झेमेस्टेन देतात. वर सांगितलेलं चरबीतलं अरोमाटेज विकर अडवायचं काम हीच औषधं करतात. "गोळीमुळे वजन वाढतं" म्हणून ती गुपचूप बंद करणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. टॅमॉक्सिफेन आणि औषध नसलेली गोळी यांची तुलना करणाऱ्या मोठ्या चाचण्यांत दोन्ही गटांत वजन सारखंच वाढलं. वाढीची कारणं बरीचशी दुसरीकडे आहेत : वय, गेलेली पाळी, कमी झालेले स्नायू, बसून काढलेले महिने. गोळी बंद केल्याने वजन उतरत नाही. कर्करोग परतण्याचा धोका मात्र वाढतो.

अरोमाटेज अडवणाऱ्या गोळ्यांनी सांधे दुखतात, हे मात्र खरंच. सकाळी बोटं वळत नाहीत, गुडघे धरतात. मग चालणं बंद, वजन वर, गुडघ्यांवर भार आणि दुखणं आणखी. हे चक्र कुठून तोडायचं? अमेरिकेतल्या १२१ बायकांच्या एका चाचणीत वर्षभर आठवड्याला १५० मिनिटं चालणं आणि दोनदा ताकदीचा व्यायाम दिला. व्यायाम करणाऱ्यांचं सगळ्यात वाईट दुखणं साधारण २९ टक्क्यांनी उतरलं. दुखणं पहिल्याच आठवड्यात कमी होत नाही, म्हणून निदान तीन महिने सोडू नका. तरीही सहन होत नसेल तर डॉक्टर याच गटातली दुसरी गोळी देऊन पाहू शकतात. या गोळ्यांनी हाडंही ठिसूळ होतात, म्हणून हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी कधी करायची हे विचारून ठेवा. अंगावर भार घेऊन केलेला व्यायाम इथेही कामी येतो.

गरम वाफांनी रात्री चार-चारदा जाग येत असेल, तर "वयाचं आहे" म्हणून सोसू नका. त्यावर औषधं आहेत. फक्त टॅमॉक्सिफेन चालू असताना पॅरोक्सेटिनसारख्या (ही नैराश्यावरची गोळी आहे) काही गोळ्या त्याचा परिणाम कमी करू शकतात, तेव्हा दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरांकडे गेलात तरी तुमची हार्मोनची गोळी आधी सांगा.

पायरी ६ : वजन खरंच उतरवायचं असेल तर

केमो, सर्जरी, रेडिएशन आटोपलं, जखमा भरल्या, जेवण नीट जायला लागलं, की मग. आधी नाही. आणि बीएमआय योग्य असेल, फक्त आरशातल्या पोटाने त्रास होत असेल, तर वजनापेक्षा ताकदीकडे लक्ष द्या.

पहिलं ध्येय ५ टक्के. ७० किलोच्या बाईला साडेतीन किलो. हे ऐकून कित्येकींचा विरस होतो, पण रक्तदाब, साखर, गुडघे आणि चालतानाचा दम यांत एवढ्यानेही फरक पडतो. आठवड्याला अर्धा किलोहून जास्त वेग नको.

आहाराने आजार परतण्यावर काय परिणाम होतो, यावरच्या दोन चाचण्या माहीत असाव्यात. २००६ मध्ये निष्कर्ष आलेल्या पहिल्या चाचणीत २,४३७ बायका होत्या. त्यांतल्या एका गटाने जेवणातलं तेल-तूप बरंच कमी केलं. सुमारे पाच वर्षांत त्यांच्यात आजार परतण्याचं प्रमाण ९.८ टक्के होतं, इतरांत १२.४ टक्के. २००७ मधल्या दुसऱ्या चाचणीत ३,०८८ बायका होत्या. तिथे एका गटाने भरपूर भाज्या आणि फळं खाल्ली, स्निग्ध पदार्थही कमी ठेवायचा प्रयत्न केला, आणि सात वर्षांनी दोन्ही गटांत काहीच फरक दिसला नाही. पहिल्या चाचणीतल्या बायकांचं वजन थोडं उतरलं होतं, दुसरीतल्यांचं नाही. फरकाचं श्रेय तेवढ्यालाच देता येत नाही, पण "हा एक रस प्या, कर्करोग परत येणार नाही" असं सांगणाऱ्यापुढे हे आकडे ठेवावेत. भाज्या-फळं खायचीच, ती हृदयासाठी, पोटासाठी. कोणत्याही एका पदार्थात संरक्षण नाही.

प्रत्यक्षात ताटाचा अर्धा भाग भाज्यांचा, पाव भाग प्रथिनांचा, पाव भाग धान्याचा. गोड पेयं बंद, ती पोट न भरता उष्मांक देतात. दारू घेत असाल तर थांबवा. स्तनाच्या कर्करोगाचा धोका ती थोड्या प्रमाणातही वाढवते. वजन उतरवण्याच्या पावडरी, काढे, भूक मारणाऱ्या गोळ्या, सध्याची इंजेक्शनं, यातलं काहीही तुमच्या कर्करोगतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय घेऊ नका.

लठ्ठपणा असेल तर हाताच्या सुजेचा धोका वाढतो, आणि स्तनाची पुनर्रचना करायची असेल तर जखमेच्या तक्रारीही वाढतात. ती सर्जरी पुढे करायची असेल, तर किती वजनावर करणं बरं, हे प्लास्टिक सर्जनला आत्ताच विचारा.

आरसा

याला पायरी म्हणता येत नाही, कारण हे कधीही येतं. काहीजणी सर्जरीनंतर महिनोन्‌महिने कपडे बदलताना दिवा लावत नाहीत. त्यात वजनाने जुने कपडे बसेनासे झाले की शरीर परकं वाटू लागतं. कृत्रिम स्तन वापरत असाल तर एक व्यवहाराची गोष्ट : वजन बदललं की त्याचं माप पुन्हा घ्या. हलका किंवा लहान पडला तर एक खांदा वर चढतो आणि पाठ-मान धरते, आणि ते दुखणं आपण भलत्याच गोष्टीच्या माथी मारतो. मापाचे कपडे आत्ताच शिवून घ्या. "उतरल्यावर घेईन" म्हणून घट्ट कपड्यांत वर्ष काढू नका.

शरीरसंबंधात कोरडेपणा आणि दुखणं हा गोळ्यांचा परिणाम असू शकतो. त्यावर हार्मोन नसलेली वंगणं असतात. डॉक्टरांशी तोंडाने बोलवत नसेल तर कागदावर लिहून द्या. उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, कशात मन लागेना, तर तोही उपचारांचाच भाग समजून समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ यांच्याकडे जा.

वजन आपोआप उतरायला लागलं तर

इतकं सगळं वाढीविषयी लिहिलं, पण याच्या उलटही होतं, आणि आसपासचे लोक त्याचं कौतुक करतात : "छान बारीक झालीस!" तुम्ही प्रयत्न करत नसताना सहा महिन्यांत ५ टक्के वजन गेलं, तर त्याला कौतुक समजू नका. गिळायला त्रास, सततचे जुलाब, थायरॉइड, साखर, न ओळखलेलं नैराश्य किंवा आजार पुन्हा डोकं वर काढतोय, कारण काहीही असू शकतं, आणि ते शोधायला लागतं. नव्याने आलेलं, रात्रीही न थांबणारं हाडाचं दुखणं, सततचा खोकला, धाप, कावीळ, न थांबणारी डोकेदुखी किंवा छातीवर-काखेत नवी गाठ यापैकी काही जोडीला असेल, तर पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका.

फॉलोअपला जाताना वही बरोबर न्या. शेवटचं पान उघडून डॉक्टरांसमोर ठेवा : वजन, कंबर, दोन्ही हातांचा घेर, खुर्चीवरून उठण्याचा आकडा आणि त्या पाच ओळी. ताईच्या एका फॉलोअपला काट्यावर वजन आधीच्याएवढंच होतं, म्हणून "सगळं छान" म्हणत फाइल मिटली जात होती. वहीत मात्र खुर्चीवरून उठण्याचा आकडा चौदावरून नऊवर आलेला होता. तो पाहून डॉक्टरांनी फाइल पुन्हा उघडली आणि तिला त्याच दिवशी फिजिओथेरपीला पाठवलं.